पाणी न घालण्याचा ऋतू

परवा सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक पान पडलेलं दिसलं. करंगळीएवढं, पिवळं, गवताच्या पात्यासारखं अरुंद. मी ते उचलून आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नेऊन दाखवलं. आप्पांनी चष्मा कपाळावर सारला, पान डोळ्यांजवळ नेलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "झाला सुरू. आजपासून पाणी बंद." आमच्या घरात थंडी येते ती अशी.

एरवी मुलुंडची थंडी फसवीच. पहाटे येऊरच्या डोंगरावर पांढरं काहीतरी दिसतं, ते धुकं आहे की रस्त्याच्या खोदकामाची धूळ आहे यावर आमच्याकडे रोज दोन मतं पडतात. स्वेटर कपाटातून निघतो, डांबरगोळ्यांचा वास मिरवत दोन सकाळी हिंडतो आणि पुन्हा घडी होऊन आत जातो. समोरच्या गुजराती कुटुंबाकडून उंधियूचा वास येतो, गाडीवर मटारचे ढीग लागतात, ओठ फुटतात. पूर्वी माझी थंडी एवढ्यावर भागायची. आता ती खिडकीच्या चौकटीला टांगलेल्या आंब्याच्या झाडाच्या सालीवरून मोजली जाते. त्या सालीवर एक ऑर्किड बसलेलं आहे. उभ्या हाताच्या पंजात सगळं मावेल एवढंसं. या दिवसांत ते एकेक पान टाकून देतं आणि मग महिनोन् महिने मेल्याचं सोंग घेऊन बसतं.

त्याच संध्याकाळी बाळाचा फोन आला. बाळा माझा धाकटा भाऊ, विरारला राहतो. परळची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहत होता, त्यातल्या आप्पांच्या जागेची किल्ली अखेर हातात आली होती. "ताई, रविवारी आप्पांना दाखवून आणतो," तो म्हणाला. "एकदा बघितलं ना, की सामान हलवू. आता तुला पण मोकळीक." मी आप्पांना सांगितलं. ते "बरां" म्हणाले आणि हॉलच्या दाराआड बघितलं.

दाराआड त्यांची बॅग असते. तपकिरी रेक्झिनची, चेन अर्ध्यात अडकणारी. तीन वर्षांपूर्वी चाळ रिकामी करावी लागली तेव्हा आप्पा माझ्याकडे आले ते "चार दिसांसाठी". बाळाकडे दोन खोल्या, दोन शाळकरी मुलं आणि त्याच्या सासूबाई. तिथे जागा नाही हे सगळ्यांना दिसत होतं, आप्पांनाही. पण बापाने लेकीच्या घरी मुक्काम ठोकायचा, हे त्यांच्या पिढीच्या कोकणी माणसाच्या घशाखाली उतरत नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, अशी आमच्याकडे जुनी रीत. मला मूल झालं नाही. त्यामुळे रीत पाळायची म्हटली तर माझ्या बाबतीत ती कधी सुटलीच नाही. आप्पा हे तोंडाने कधी बोलले नाहीत. पण मी कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला, तो रिकामाच राहिला. सकाळी आंघोळ झाली की बॅगेतून शर्ट काढायचा, धुऊन वाळला की घडी करून पुन्हा बॅगेत. आणि बाहेर पडले की रिकाम्या हाताने परत यायचं नाही. मेथीची जुडी, अर्धा नारळ, चार केळी, काहीच नाही तर कढीपत्ता. माझा नवरा प्रमोद हसून म्हणायचा, "आप्पा, आपलं फ्रीज आहे, गोडाऊन नाही." आप्पा हसायचे आणि दुसऱ्या दिवशी दुधी घेऊन यायचे. मला त्या दुधीचा राग यायचा आणि रडूही यायचं.

ते ऑर्किड आमच्याकडे आलं त्याच वर्षी, आप्पांच्या थोडंसं आधी. गणपतीला आम्ही सगळे गावी गेलो होतो. चुलतभावाने पावसात मोडून पडलेली आंब्याची फांदी तोडून पडवीत आणून टाकली होती, वाळली की जळणाला. तिच्या सालीवर हिरवे टपोरे मणी एकमेकांना चिकटून बसलेले होते, आणि प्रत्येक मण्याच्या डोक्यावर दोन-तीन पाती. मी वाकून बघायला लागले. माझा धंदाच तो. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, "आता दिसतं का? आणि आता?" हे दिवसभर विचारते. त्यामुळे असेल, पण बारीक काही दिसलं की ते नाकाशी आणून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही.

"आप्पा, हे काय आहे हो?"

"बांडगूळ तां," आप्पा म्हणाले. साठ वर्षांच्या मुंबईने त्यांची मालवणी बरीच सौम्य केली आहे, पण गावात पाऊल पडलं की ती पुन्हा धार धरते. "झाडाचां रगत पिऊन जगता. घाल चुलीत."

बांडगूळ म्हणजे झाडाच्या अंगात मुळं खुपसून त्याचा रस ओढणारं. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसालाही आपण तेच म्हणतो. पण मी त्या मण्यांखालची मुळं बघत होते आणि ती कुठेच आत घुसलेली दिसेनात. सालीवरून नुसती पसरलेली, पांढरी, जाड दोऱ्यासारखी. एक मूळ नखाने हलकेच उचललं तर ते सुटून आलं, खाली साल जशीच्या तशी, ओरखडासुद्धा नाही. रगत पिणाऱ्याचं तोंड असं कसं, हा प्रश्न मला चुलीपाशी सोडवेना. मी तेवढी साल सुरीने काढून पिशवीत घातली.

मुंबईला आल्यावर फोटो काढून ललिताला पाठवला. ललिता माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, घाटकोपरला ज्युनिअर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. तिचा आवाज आला तो असा: "नंदे, बांडगूळ काय म्हणतेस त्याला, लाज नाही वाटत? ऑर्किड आहे ते. डेंड्रोबियम मायक्रोबल्बॉन. नाव केवढं आणि जीव केवढा बघ. कुंडीत नको घालू हां. मातीत घातलंस तर वाट लागली म्हणून समज."

मग ती तासभर समजावत राहिली आणि मी तासभर विचारत राहिले. झाडाशिवाय जगेल का? जगेल, त्याला झाडाचं काही नको असतं, फक्त बसायला जागा हवी असते. मग खातं काय? पावसाचं पाणी, हवेतला ओलावा, सालीच्या फटीत साठलेली धूळ, कुजलेलं पान, पाखराची शीट. मातीत का नको? कारण मुळांना वारा लागतो. ती पांढरी मुळं म्हणजे एक बारीकसं मूळ आणि त्यावर स्पंजाचा अंगरखा. कोरडी असली की पांढरी, पाणी प्यायली की हिरवी. मी लगेच ओल्या बोटाने एका मुळाला स्पर्श केला. पांढरं मूळ माझ्या डोळ्यांदेखत हिरवं झालं. त्या दिवशी स्वयंपाक उशिरा झाला.

लावायची रीत सोपी निघाली, फक्त आपल्या सगळ्या सवयींच्या विरुद्ध. नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या काथ्याचा, पातळ थर, त्यावर गावाहून आणलेली साल, आणि जुन्या सुती साडीच्या काठाने बांधून टाकायचं. हलता कामा नये, कारण मुळाचं टोक सतत हललं की ते पकड घेत नाही. जागा अशी, की सकाळचं ऊन मिळेल, दुपारचं नाही, आणि वारा खेळता राहील. आमची इमारत चाळीस वर्षांची. बाकी सगळ्यांनी सरकत्या खिडक्या बसवल्या, आमच्या स्वयंपाकघराला अजून सागवानी चौकट आहे, रंगाचे पोपडे आलेली. प्रमोद दर दिवाळीला ती बदलायची म्हणतो. त्या चौकटीत खिळा ठोकला आणि साल टांगली. पाऊस होता तोवर रोज सकाळी फवारणी, रात्रभर भरून ठेवलेल्या पाण्याची, म्हणजे नळाच्या औषधाचा वास उडून जातो. खत म्हणजे महिन्यातून एकदा, इतकं पातळ की पाण्याला कळू नये. ललिता म्हणायची, "त्याला जेवायला वाढू नकोस, फक्त वास दे."

आप्पा आले तेव्हा पावसाळा संपत आला होता. त्यांनी खिडकीत ती साल बघितली. म्हणाले, "चुलीत घालूक सांगलंय, तां तू घरात आणलंस."

दिवाळी झाली आणि पानं पिवळी पडायला लागली. एक, मग दोन, मग सगळीच. हिरवे मणी सुरकुतले, त्यांच्यावर राखाडी पापुद्रा चढला. मी घाबरून फवारणी वाढवली. ललिता ओरडली. "बंद कर आधी. झोपलंय ते. गावाकडच्या झाडावर आता कोण घालतंय पाणी? सहा महिने तिथे थेंब नसतो, पहाटेच्या दवावर असतं ते. त्या मण्यांत त्याने वर्षभराचं भरून ठेवलंय. तू आता काही केलंस तर कुजेल." म्हणजे आता करायचं काय? "काही नाही. नुसतं बघायचं." मला वाटतं, मला आयुष्यात कुणी सांगितलेलं सगळ्यात अवघड काम ते. आपल्याकडे जीव लावायचा म्हणजे काहीतरी घालायचं असतं. पाणी घाला, जेवायला घाला, निदान शाल घाला. मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं, त्याला कुणी पाणी घालायचं नाही. आप्पांनाही सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

मग मुंग्या आल्या. मंगळवारी सकाळी डबा भरताना बघते तर खिडकीच्या चौकटीवरून मुंग्यांची रांग थेट सालीपर्यंत. बुधवारी कमी झाल्या, गुरुवारी गायब. पुढच्या मंगळवारी पुन्हा हजर. मुंग्यांना मंगळवार कसा कळतो, हे कोडं मला सुटेना. ललिता म्हणाली पिठ्या ढेकूण असतील, त्यांच्या अंगातून गोड पाझरतं, त्याला मुंग्या लागतात. मी दुकानातलं भिंग घरी आणलं, मणी न् मणी तपासला. ढेकूण नव्हते. एका मण्याच्या कुशीत पिवळसर डाग मात्र होता, आणि सालीवरून खाली उतरलेला पांढुरका ओघळ. बुरशी म्हणावी तर त्याला चंदनाचा वास येत होता. चंदनाच्या वासाची बुरशी असते का, असं मी ललिताला विचारलं, आणि ती म्हणाली, "नंदे, तुला सुट्टीची गरज आहे."

सुट्टी मिळाली ती सर्दीने. सोमवारी मी घरीच राहिले, आतल्या खोलीत पडून होते. आप्पांची पूजा आटोपल्याची घंटा ऐकू आली. त्यांचे देव चाळीतून त्यांच्याबरोबरच आलेले, फ्रीजशेजारच्या फळीवर मांडलेले. मी पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबले. आप्पा सोवळं नेसून, हातात तांब्याचं ताम्हन घेऊन, चवड्यांवर उंच होऊन खिडकीतल्या सालीवर धार धरत होते. देवांच्या आंघोळीचं पाणी. गंध, हळद, आणि सोमवार म्हणून अभिषेकाचं दूध आणि साखर. मंगळवारच्या मुंग्यांचा उलगडा माझ्यासमोर ठिबकत होता.

"आप्पा, पाणी घालायचं नाही म्हटलं होतं ना."

ते दचकले नाहीत. त्यांना कळेचना मी कशाबद्दल बोलते आहे. "पाणी खंय घातलंय? तां तीर्थ."

त्यांचं अगदी बरोबर होतं. देवाच्या आंघोळीचं पाणी मोरीत ओतायचं नसतं, ते तुळशीला जातं. माझ्या घरात तुळस नव्हती. दोनदा लावली, दोन्ही वेळा कबुतरांनी उपटून काढली. मग रोज सकाळी ते पाणी घेऊन हा माणूस परक्या स्वयंपाकघरात उभा राहत असणार, आणि ते कुठे ओतायचं हे विचारणंही त्याला जड जात असणार. समोर एक वाळत चाललेला जीव टांगलेला. "देवाचां पाणी मोरीत कसां वतूचां गो?" आप्पा म्हणाले. "आणि ह्यां बिचारां सुकान गेलां होतां. म्हटलां, तेवढांच पुण्य."

मी स्टुलावर चढून साल खाली काढली. वरून सगळं ठीक दिसत होतं. मण्यांना बोट लावलं तर बहुतेक सगळे मऊ लागले. एक तर दाबल्याबरोबर फुटला, आत तपकिरी पाणी. वास सुटला. आप्पा माझ्या शेजारी उभं राहून ते बघत होते. ताम्हन त्यांच्या हातात तसंच होतं.

संध्याकाळी ललिता स्वतः आली, ब्लेड घेऊन. ब्लेड गॅसवर तापवून तिने कुजलेले मणी एकेक कापून काढले. "दालचिनीची पूड आहे का?" तिने विचारलं. मी डबा शोधायच्या आत आप्पांनी खलबत्ता घेऊन दालचिनी कुटायला सुरुवात केली. कापलेल्या प्रत्येक जागेवर पूड दाबून भरली, म्हणजे कुजणं पुढे सरकत नाही. शेवटी सालीवर मूठभरसुद्धा उरलं नाही. कोपऱ्यातले तीन सुरकुतलेले मणी, धारेपासून लांब होते म्हणून वाचलेले. ललिता म्हणाली, "बघू. काही सांगता येत नाही."

तिला सोडायला मी खाली गेले. परत आले तेव्हा हॉलमधून चेनचा आवाज येत होता. अर्ध्यात अडकणारी ती चेन आप्पा जोर लावून ओढत होते. देव एका पंच्यात बांधून बॅगेवर ठेवलेले.

"बाळाकडे जातंय."

"बाळाकडे कुठे झोपणार?"

"झोपेन खंयतरी." मग चेन ओढत, माझ्याकडे न बघता, "माझ्या हातान मेलां तां. तुझ्या घरात येऊन मी ह्यां केलंय. बांडगूळ तां नाय. बांडगूळ मी."

माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी दहावीत होते. त्यानंतर त्यांनी वॉचमनकी केली, घरोघर अगरबत्त्या विकल्या, आणि आम्हा दोघांना शिकवलं. त्यांनी हा शब्द स्वतःला लावावा याचं मला इतकं दुःख झालं की मी समजूत घालायची सोडून चिडले. म्हटलं, "जायचं तर जा. पण ते मेलं की जगलं ते बघून जा. मी दिवसभर दुकानात असते, प्रमोद सातला येतो. त्याच्यावर पाणी उडत नाही ना, हे बघायला घरात माणूस नको? खिडकी कोण बंद करेल, कबुतरं कोण हाकलेल? कुजायला लागलं तर कळणार कुणाला?" आणि दुकानातलं भिंग त्यांच्या हातात दिलं.

आप्पांनी भिंग घेतलं ते अंगठा आणि पहिल्या बोटात, डोळ्याच्या अगदी जवळ. मी लोकांना शिकवून थकते, तसं. तेव्हा मला आठवलं, गिरणीत ते कापड तपासायच्या खात्यात होते. असंच भिंग लावून धागे मोजायचं त्यांचं काम. त्यांनी ते तिन्ही मणी बराच वेळ न्याहाळले. "ह्यो मधलो घट्ट आसा," ते म्हणाले. बॅग त्या दिवशी पुन्हा दाराआड गेली. रिकामी झाली नाही, पण गेली.

त्या वर्षीची उरलेली थंडी म्हणजे माझ्या आठवणीत एक म्हातारा माणूस आणि तीन मणी. आप्पांना काम मिळालं होतं, पाणी न घालण्याचं. ते मोठ्या निष्ठेने करायचे. खिडकीशी स्टूल टाकून बसायचे. देवाच्या पाण्यासाठी प्रमोदने कबुतरं शिरणार नाहीत अशी जाळी ठोकून तुळस लावून दिली. संध्याकाळी मी आले की मला अहवाल मिळायचा. पहाटे भिंत दमट होती. मुळाच्या टोकाला काही नाही. पापुद्रा किंचित सुटला. मला वाटायचं, काहीच न घडणाऱ्या गोष्टीत इतकं बघण्यासारखं असतं हे मला आधी कुणी का सांगितलं नाही. आम्ही दोघं आयुष्यात त्याआधी एवढं बोललो नव्हतो. तो विषयही धड विषय नव्हता, सुकलेले मणी होते.

एका रविवारी ललिता बघायला आली तेव्हा आप्पांनी तिची परीक्षाच घेतली. "ह्यां झाडाचां कायच घेणा नाय?"

"काहीच नाही काका. नुसतं बसतं."

"मग झाडाक देता काय?"

"देत पण नाही काही."

"भाडां नाय?"

ललिता हसली. आप्पा हसले नाहीत, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग तिने त्यांना बियांचं सांगितलं. ऑर्किडचं बी तपकिरीच्या भुकटीसारखं असतं, फुंकर मारली की उडणारं, इतकं हलकं की त्याच्याजवळ स्वतःची शिदोरीच नसते. आंब्याच्या कोयीत कसं रोपासाठी भरून ठेवलेलं असतं, तसं काही नाही. सालीवर पडल्यावर एका विशिष्ट बुरशीने त्याला भरवलं तरच ते रुजतं. नाही भेटली बुरशी तर संपलं. "म्हणजे सुरुवातीक दुसऱ्याच्या ताटातलांच खाता," आप्पा म्हणाले. ललिता म्हणाली, "सगळेच की हो काका." झाडांवरून माणसांचे धडे काढायची मला हौस नाही, ते झाडांवर अन्याय केल्यासारखं वाटतं. म्हणून मी तेव्हा चहा गाळला. पण त्या दिवशी आप्पांनी दुसरी चपाती नको म्हटली नाही, हे माझ्या लक्षात आहे.

संक्रांत होऊन गेली होती. मी एका आजोबांना चष्म्याचा नंबर काढून देत होते, फोन वाजला. आप्पा दुकानात कधी फोन करत नसत. मला वाटलं, पडले.

"गो, मधल्याच्या डोक्यार कायतरी इलां हा."

"काय आलंय?"

"माका काय ठावक? टाचणीचां डोकां. काल नाय होतां."

ती कळी होती. ना पान, ना हिरवा रंग, सुरकुतलेल्या राखाडी मण्याच्या टोकातून बारीक दांडी निघाली आणि दांडीवर पाच-सहा फुलं लागली. प्रत्येक फूल माझ्या नखाएवढं, पांढरं, मधल्या पाकळीवर जांभळट रेघा, इतक्या बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. मी बघितल्या, मग प्रमोदने, मग समोरच्यांनी. आप्पा प्रत्येकाला भिंग कसं धरायचं ते शिकवत होते. ज्या दिवसांत ते पूर्ण मेल्यासारखं दिसतं, त्याच दिवसांत ते फुलतं. ज्याची पानं बघून आपण हळहळतो, त्याने ती मुद्दाम टाकलेली असतात. का, ते ललिताने मला दोनदा सांगितलंय, कीटकांच्या उडण्याचे दिवस वगैरे. मला ते पटतं, आणि तरी दर वर्षी आश्चर्य वाटायचं थांबत नाही.

उन्हाळ्याच्या शेवटाला मण्यांच्या पायथ्याशी नवे कोंब आले. इथेही घाई नको असते. कोंब दिसला म्हणून पाणी सुरू करायचं नाही, त्याला नवी मुळं फुटू द्यायची, मग हलकी फवारणी. तीनाचे पाच झाले, पुढच्या वर्षी आणखी. यंदाच्या पावसात आप्पांनी मला हाक मारून दाखवलं, दोन मुळं सालीची कड ओलांडून खिडकीच्या चौकटीवर उतरली होती आणि सागवानाला, रंगाच्या पोपड्यांमधून, चिकटली होती. प्रमोद म्हणाला, "म्हणजे आता खिडकी बदलायची सोय नाही." आप्पा म्हणाले, "हलव नको ह्याका. मूळ तुटला की वरसभर रुसता."

आज रविवार. सकाळी आप्पा बाळाबरोबर परळला जागा बघायला गेले. इस्त्रीचा शर्ट त्यांनी बॅगेतून काढला. मी दिवसभर घरात उगाच इकडचं तिकडे करत राहिले. मला त्यांनी राहायला हवं होतं, पण ते मागायचं धाडस नव्हतं. त्यांची स्वतःची जागा होती ती, तिच्यासाठी त्यांनी तीन वर्षं वाट पाहिली होती, आणि आपल्या घरी जाणाऱ्या माणसाला अडवायचं कोणत्या तोंडाने? खिडकीत आणखी दोन पानं पडली होती. ती मी त्यांच्यासाठी बशीत ठेवली.

ते आले तेव्हा दिवे लागले होते. चपला काढल्या, हातपाय धुतले, स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले. मी चहा पुढे ठेवला.

"कशी आहे जागा?"

"झकास. लिफ्ट हा. वारो पण बरो." त्यांनी बशीतली पानं भिंगाखाली धरली. "पण खिडक्ये सगळे ॲल्युमिनियमचे. ह्याचां मूळ थंय धरूचां नाय."

मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.

"बाळाक सांगलंय, पोरांका घेऊन तूच ऱ्हव थंय," आप्पा म्हणाले. "चाय अजून आसा काय गो?"

मी उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला. ओतताना त्यांच्या शेजारी, मग ओट्यावर, मग दारापाशी नजर गेली. पिशवी कुठेच नव्हती. आज आप्पा बाहेरून रिकाम्या हाताने घरी आले होते.